बारशाआधीचं नाव

हसू नका गं, पण माझ्या नणंदेच्या अ‍ॅपमधली चूक मी काढली. मी!

नणंद म्हणजे स्वाती. अंधेरीला एका कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे अ‍ॅपमधल्या चुका शोधते. बाळांच्या लसींच्या तारखा सांगणारं त्यांचं अ‍ॅप सोमवारी सुरू होणार होतं. शनिवारी ती घाटकोपरला आमच्याकडे आली आणि फोन माझ्या हातात दिला. "वहिनी, यात तुझ्या बाळाची माहिती भर."

मी घाबरले. "मी सातवी शिकलेली. काही बिघडलं म्हणजे?"

"बिघडवच! माझं कामच ते आहे."

पहिलाच रकाना बाळाच्या नावाचा. मी थांबले. "बारसं बुधवारी आहे. आत्ता नाव कसं लिहू?"

"टाक ना काहीतरी, यार."

"माझ्या लेकराला काहीतरी नाव? मी नाही टाकणार." रकाना रिकामा सोडून पुढे दाबलं, तर अ‍ॅप अडलंच. मला धडकी भरली. "म्हणजे बारशापर्यंत लसच नाही? पहिली तर जन्मल्याबरोबर देतात गं!"

स्वातीने कपाळाला हात लावला. "वाट लागली! दोन आठवडे आम्ही सगळे खोटी नावं टाकून पुढे जात होतो."

तिने लगेच साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, "मग नाव भरेपर्यंत त्या जागी दाखवायचं काय?"

मला राहवलं नाही. "आईचं नाव दाखवा ना. ती तर असतेच!"

सोमवारी अ‍ॅप उघडलं. वर ठळक अक्षरात माझं नाव होतं, 'सुजाताचं बाळ'.

बारसं होऊन महिना झाला. लेकीचं नाव भरायचं मी अजून टाळतेय.