उजवी बाही

...नाही, लोकांना काय, ते फ्रॉक बघून म्हणायचे, शिंप्याच्या मुलीचा थाट बघा, आणि मीही मान तुकवून हसायचो, पण तुम्हाला सांगतो, त्या फ्रॉकची उजवी बाही म्हणजे धडधडीत खोटं होतं, वर चुण्या घालून सजवलेलं. आणि शिवलं कोणी? मी. वीस वर्षं लोकांचे खांदे मोजतोय, माणूस दुकानात पाऊल टाकतो तोच मला कळतं की याचा डावा खांदा पाव इंच उतरलाय, हा पिशवी नेहमी त्याच बाजूला अडकवतो. आणि स्वतःच्या पोरीचा खांदा दिसला नाही? दिसला हो. तेच तर सांगतोय. शिंपी आहे मी.

म्हणजे झालं असं, पोरगी चांगली गुटगुटीत, जन्मताना डोकं आलं बाहेर आणि खांदा अडकला. ओढाताण झाली, मायलेकी वाचल्या, पण बाळाचा उजवा हात नुसता लोंबत राहिलेला, आत हात नसलेल्या बाहीसारखा. डॉक्टर म्हणाले, मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात, बऱ्याच मुलांच्या सावरतात, रोज व्यायाम करा, दर तीन महिन्यांनी दाखवायला आणा. आणि सावरल्या की... चार महिन्यांत बोटं हलली, वर्षाच्या आत कोपर वाकलं, दोन वर्षांची झाली तर घरभर अशी गरगर फिरायची की नावच पडलं भिंगरी. मग मला सांगा, अजून काही राहिलंय असं कोणाला वाटेल?

व्यायामाच्या बाईंना वाटायचं. त्या नाकावर चष्मा खाली ओढून सांगायच्या, "कोपर अंगाला चिकटवायचं, हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा, हळूहळू, वीस वेळा, दिवसातून चारदा. रडली तरी थांबायचं नाही." सकाळचे दोन वेळचे बायको करायची. भिंगरी रडायची, बायकोच्याही डोळ्यांत पाणी, पण वीस म्हणजे वीस. मग ती दुपारच्या पाळीला पावाच्या कारखान्यात जायची आणि उरलेले दोन वेळचे माझ्या गळ्यात. मी एक करतोय, दोन करतोय, तिसऱ्याला पोरीनं खालचा ओठ पुढे काढला की माझा कारभार आटोपला. "राहू दे बाळा, उद्या करू." बायको आल्या आल्या विचारायची, "झाले का?" आणि मी मशीनवरून मान वर न काढता, "झाले." रोज, तुम्हाला सांगतो, रोज. दाखवायला न्यायचं तर एकदा शाळेच्या गणवेशांची घाई, एकदा पावसानं कापड भिजलं, मग एकदा लाज, की इतक्या दिवसांनी कुठल्या तोंडानं जायचं... आणि मग राहिलंच.

अडीच वर्षांची असताना तिला नवा फ्रॉक घातला तर उजवीकडे मागून कापड ताणलेलं, पुढून झोळ, बाही अर्धा इंच लांब. आता कापड खोटं बोलत नाही. कापड सांगत होतं, आत हाड जागेवर नाही. आणि मी काय केलं? फ्रॉक उसवला, बाही जोडतात तो मुंढा एका बाजूनं खोलगट कापला, बाही आखूड केली, वर चुण्या. असा बसला म्हणता, की मला माझाच अभिमान वाटला. पुढच्या वर्षी पाव इंच आणखी. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. शिंपी आहे मी.

पाचव्या वर्षी शाळेच्या बाईंनी बोलावलं. "ही डबा खाताना उजवं कोपर इतकं वर काढते, जशी पिपाणीच वाजवतेय. शेजारच्या मुलाच्या नाकाला दोनदा लागलं." मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

मग हाडांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी फोटो काढला, समजावलं, की खांद्यात एक गोळा असतो आणि तो बसायला उथळ वाटी, आत ओढणारे स्नायू जोरदार, बाहेर ओढणारे दुबळे, म्हणून गोळा मागे मागे सरकला आणि वाढत्या वयात वाटीही तिकडेच झिजून तिरकी झाली. बोलता बोलता त्यांनी फ्रॉक उलटा केला, शिवण बघितली, दोन्ही मुंढे एकमेकांवर ठेवले. "हा कोणी शिवला?" "मी." "कधीपासून असा शिवताय?" म्हटलं, अडीच वर्षं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्याआधी तुम्हाला कळलं होतं."

ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. मी विचारलं, व्यायाम केले असते तर? म्हणाल्या, "तरी ऑपरेशन लागलं असतं कदाचित. कदाचित नसतंही." आता या कदाचितचं मी काय करू, सांगा?

घरी आलो, बायकोसमोर बसलो आणि सगळं ओकलो. रोजचं "झाले" कसं खोटं होतं तेही. ती परातीत पीठ मळत होती, हात थांबले नाहीत. "माहीत होतं मला. पोरीचे डोळे कधी रडलेले दिसायचे नाहीत." "मग बोलली का नाहीस?" "मी काय बोलणार? मला पाच वर्षं वाटतंय, मीच बाळंतपणात नीट जोर केला नाही." तुम्हाला सांगतो, एका खोलीत राहून दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यात तोंड लपवून बसलो होतो, आणि पोरगी मधोमध भिंगरीसारखी फिरत होती.

ऑपरेशन झालं. पाठीतला एक स्नायू फिरवून खांद्यामागे जोडला, गोळा वाटीत बसवला, सहा आठवडे हात बाहेरच्या बाजूला ठेवून प्लास्टर. दारातून आडवी न्यावी लागायची. आता हात कानापर्यंत जातो. डोक्यावर पूर्ण नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, चांगलं आहे. मी चांगलं म्हणतो आणि मान खाली घालतो.

आणि व्यायाम? चारही वेळचे आता माझ्याकडे. भिंगरीची अट एकच, "बाबा, तूपण कर." केला. तर वीस वर्षं मशीनवर वाकून माझाच खांदा असा आखडलेला, की हात तिच्यापेक्षा कमी फिरतो. आता ती माझं कोपर अंगाला दाबून धरते, हात फिरवते आणि मोजते. मी तिसऱ्यालाच कळवळतो, तोंड वाकडं करतो, डोळ्यांत पाणी आणून दाखवतो. पण ती काही थांबत नाही. आईवर गेलीये.