खिळा नसलेली खुर्ची

सगळे मला मिस्त्री म्हणतात. वय बावन्न वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार धाकट्या बहिणीकडे. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मी सहा वर्षं तुरुंगात होतो. शिक्षा पुरी भोगली, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिथल्या कारखान्यात मी खुर्च्या करायचो, त्या बाहेर दुकानांत विकल्या जात. हत्यार होईल म्हणून आम्हाला खिळा देत नसत. तेव्हा नुसत्या लाकडी खुंट्यांवर सांधे बसवायला मी शिकलो, बाकीच्यांनाही शिकवलं. मजुरी मात्र अकुशल कामगाराची मिळाली, कुशलच्या निम्मी. सुटल्यावर फरकासाठी अर्ज केला. कुशल असल्याचा पुरावा नाही, असं उत्तर आलं.

आज सकाळी अकराच्या सुमारास बहिणीसोबत फर्निचरच्या दुकानात गेलो. तिला कपाट बघायचं होतं. दारातच एक खुर्ची दिसली. बैठकीखाली हात घातला, तर खुंटी तिरकी. मी ती तिरकीच बसवतो. माझीच खुर्ची! किंमत माझ्या पाच महिन्यांच्या मजुरीएवढी. बहिणीला म्हणालो, थांब, तुला गंमत दाखवतो. खुंटी काढली, चपलेने दोन-चार टोले दिले आणि खुर्चीचे अकरा तुकडे फरशीवर मांडले. आनंदाच्या भरात विचारायचं भान राहिलं नाही, ही माझी चूक. दुकानदारांनी पोलिसांना बोलावलं. हा वेडा नाही हो, एवढंच बहीण सांगत राहिली.

तुकडे गोणीत भरून इथे आणले. हवालदार साहेबांच्या परवानगीने मी नऊ मिनिटांत खुर्ची जोडली. साहेब बसले, मागे रेलले, डुलूनही पाहिलं. जरासुद्धा कुरकुरली नाही. तेव्हा दुकानदार आपणहून म्हणाले, "हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. माझ्याकडे दोन कुशल कारागीर आहेत, त्यांनाही जमणार नाही."

मला उभ्या जागी नाचावंसं वाटलं. सहा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या आणि खाली दुकानदारांची सही घ्या, अशी मी साहेबांना विनंती केली. दोन्ही झालं.

आता दुकानदार तक्रार मागे घेतो म्हणतात. माझं म्हणणं, त्यांनी ती घेऊ नये. तक्रार गेली तर हा कागदही रद्दीत जाईल. काय दंड होईल तो भरीन. बहीण कपाळाला हात लावून बसली आहे.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. दुकानदारांचं वाक्य मी पुन्हा एकदा वाचून घेतलं.