पागेच्या ओळीतल्या खिडक्या

शहर म्युनिसिपालिटीचे, म्हणजे आपल्या सुधराईचे, सन्माननीय अध्यक्ष उदयसिंहराव, व्यासपीठावरचे सुधराईचे सभासद, बदली झाल्यामुळे ज्यांना आज आपण नवसारीला पाठवत आहोत ते आमचे दत्तात्रेयराव मास्तर, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

आधी उशिराबद्दल क्षमा मागतो. हा समारंभ गेल्या महिन्यात व्हायचा होता. भाषण लिहून आणतो असे मी छातीठोकपणे सांगितले आणि लिहीतच बसलो. मराठी चौथीत शाळा सुटलेल्या माणसाने असे सांगू नये. मास्तरांचे सामान कधीच नवसारीला पोचले आणि मास्तर इथे, माझ्या भाषणाची वाट पाहत, दोन सदऱ्यांवर दिवस काढत आहेत. मास्तर, आज सुटलात.

मास्तरांनी आमचे पायी फिरण्याचे मंडळ काढले तेव्हा मी विचारधनासाठी गेलो, असे समजू नका. वैद्यांनी पोटासाठी चालायला सांगितले होते. मास्तर म्हणाले, “बडोदे पाहायचे तर राजवाड्यापासून सुरुवात करू नका. कष्टकऱ्यांच्या घरांपासून करा. कोणी, कोणासाठी, कसे घर बांधले आणि त्या घरात बसून लोकांनी काय उलथापालथ केली, ते पाहा.” मग दर रविवारी आम्ही गिरणीच्या चाळी पाहिल्या, सफाईवाल्यांची वस्ती पाहिली, संप झाला तेव्हा कोणत्या ओट्यावर सभा भरली ते पाहिले. मी मागून छत्री घेऊन. थंडीतही छत्री घेऊन. कुत्रे आले तर, विंचू निघाला तर, असे माझे सारे चाले.

असे फिरत फिरत मंडळ आमच्याच दारी आले. पाणीगेटाबाहेर पागेच्या शिपायांसाठी बांधलेली आमची ओळ आहे. एका लांब कौलाखाली आठ घरे. दर दोन घरांमधल्या भिंतीत, चुलीशेजारी, एक लहान खिडकी. पुरुष दूर चौकीवर गेले की बायकांनी एकमेकींना विस्तव द्यावा, मीठ द्यावे, म्हणून बांधणाऱ्याने ती ठेवली. मास्तर हे पाहून खूश झाले. मला वाटले, आता आपणही काही भर घालावी. मी म्हणालो, “स्वदेशीच्या दिवसांत एक क्रांतिकारक पिस्तूल घेऊन या खिडक्यांतून आठही घरे सरपटत गेला. मागे इंग्रजांचे पोलीस.”

हे बोलताना मी दाराबाहेर कोणी आहे का ते पाहून घेतले होते. आताही पाहतो आहे.

खरे तर मी तेव्हा ओखामंडळात पहाऱ्यावर होतो. पण ओळीतले आम्ही सारे पुरुष हीच हकिकत सांगायचो. शिपायाच्या घरी इतिहास घडला तर त्यात पिस्तूल नको का?

मास्तर खिडकीकडे पाहून म्हणाले, “सुभानराव, एवढ्यातून माणूस जातो?”

“जातो म्हणजे? दाखवतो.”

पागोटे काढले. डोके गेले, खांदे गेले. पुढे पोट. अध्यक्षमहाराज, अर्धा मी माझ्या घरात आणि अर्धा शेजारच्या मथुराबाईंच्या. त्या सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, डोळ्यांनी अधू. भाकरी थापत होत्या. जागच्या हलल्या नाहीत.

“भावजी, आलाच आहात तर चूल फुंका नी.”

मी फुंकली. दुसरे काय करणार? मागे मंडळाचे लोक माझे पाय ओढत होते. कोणी गुजराती गृहस्थ सांगत होते, “काका, पेट जरा अंदर लो.” पोट ऐकत नव्हते.

“काय दाखवत होतात?” मथुराबाईंनी विचारले. मी पिस्तुलाचे सांगितले.

“पिस्तूल कसलं? यातून भाकऱ्या जायच्या. पोलीस शोधत होते ती दोन पोरं शेवटच्या घरात लपवली होती. त्या एका घरानं जास्त पीठ आणलं तर वाणी विचारणार. म्हणून प्रत्येक चुलीवर एक भाकरी जास्त, आणि ती या खिडकीतून त्या खिडकीत. पावसाळाभर.”

“मी नव्हतो, पण घरी होते त्या पुरुषांना कसे कळले नाही?”

“तुम्ही पुरुष जेवून ओट्यावर ढेकर देत बसायचात. तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मांडवीच्या बाजारात गेलं असतं.”

अडकलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. मास्तर पलीकडे जाऊन त्यांच्यापुढे जमिनीवर बसले आणि ऐकत राहिले. मला नंतर काढले, तेल लावून.

आता मला भीती वाटते ते बोलतो. याच खिडक्यांतून धूर आणि रोग पसरतात असे सुधराईचे मत झाले आहे. ओळ पाडायची आणि घरे वेगवेगळ्या वस्त्यांत वाटायची, असे ठरू घातले आहे. नव्या खोल्या मी पाहून आलो. चांगल्या आहेत, नळ आहे, खोटे कशाला बोलू? पण मथुराबाईंना विस्तव माझी सून देते, पलीकडची कौशल्या कालवण देते. सकाळी खिडकीतून खोकला ऐकू आला की आम्हाला कळते, बाई उठल्या. नव्या खोलीच्या जाड भिंतीपलीकडे त्या उठल्या नाहीत, तर कोणाला कळणार?

मास्तर हे बोलले तर सरकारी नोकर बोलला असे होईल. मी पेन्शनर आहे. यावरून पेन्शन बंद होत नाही ना? विचारून ठेवलेले बरे.

उदयसिंहराव, आपण ओळ पाहायला आलात तेव्हा टांग्यातून उतरला नाहीत. रस्त्यावरून नुसती भिंत दिसते. येत्या रविवारी पायी या. नळ द्या, धुराडी उंच करा, पाडायचीच असेल तर पाडा; पण पुन्हा बांधाल तेव्हा आठ घरे एका ओळीत बांधा आणि चुलीशेजारी खिडकी ठेवा. हे मागायला मला मास्तरांनी शिकवले. मास्तर, नवसारीतही चाला, पण डास फार आहेत म्हणतात, सांभाळा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. मानाच्या ठिकाणी मागणे मागितले, अधिकउणे बोललो, पदरात घ्या. फक्त एक, अध्यक्षमहाराज. पावसाआधी ओळीची कौले परतावी लागतात. यंदा कोणी शिडी लावलेली नाही. मथुराबाई रोज विचारतात आणि मी उद्या सांगतो म्हणतो. परतायची की नाही, तेवढे लवकर कळवा.