अनुजाचा सोमवार

सन्माननीय अध्यक्ष सरपंच अमरसिंह, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर क्रांतीताई, आणि समोर बसलेल्या आयाबहिणींनो, बंधूंनो,

चार ओळी परवाच लिहून द्या, असं मला सांगितलं होतं. त्या आज सकाळी लिहिल्या. उशीर झाला, माफ करा. मन थाऱ्यावर नव्हतं.

ताई आज गाव सोडून चालल्या. मोठं बोलणं मला जमत नाही, घरातलंच सांगतो.

माझी नातसून अनुजा. तिचं पहिलं बाळ पावणेदोन किलोचं झालं. काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ते घरी आलंच नाही.

मग पोरीनं सोमवार आणि शुक्रवार धरले. पुढचं लेकरू बाळसेदार व्हावं म्हणून. अंगावर मांस नाही, नखं पांढरी, आणि आम्हाला तिच्या उपासाचं केवढं कौतुक! ताईंनी तिचं रक्त तपासलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "चिमणाबाई, ही उपाशी, मग बाळ कशावर वाढायचं?"

"अजून दिवस कुठं गेल्यात तिला?"

"म्हणून तर आत्ता सांगते. बाळाचं वजन आईच्या आधीच्या तब्येतीपासून सुरू होतं. आधी हिला भरू दे."

"आन् देवाला बोललेलं मोडायचं व्हय?"

"मोडू नका. घरातल्या दुसऱ्या कुणी तरी करा," असं म्हणून ताईंनी माझ्याकडं बघितलं.

हसू नका, मंडळी. आधी माझी साखर तपासली, मगच सोमवार माझ्या गळ्यात पडला. शुक्रवार नातवाच्या, विश्वजितच्या. ऐन मटणाचा वार! चिमणाबाई म्हणाली, "नातसुनेचं उपास करताय, गावात तोंड कसं दाखवू?" मी म्हणालो, "दाखवू नगं. तिला भाकरी वाढ की."

वर्षभरात अनुजाचं वजन सात किलोनं वाढलं. रक्तवाढीच्या गोळ्या तिनं चुकवल्या नाहीत. ताईंनी होकाराची मान हलवली, त्यानंतर दिवस राहिले. आता नववा सरत आलाय. वाढ चांगली आहे, असं ताई म्हणतात. पण काटा बघेपर्यंत माझं मन कसं मानावं? पहिल्या वेळीही आम्ही सगळं बरंच धरून चाललो होतो ना?

आज सोमवार आहे. तेव्हा बटाटावड्याचा मला आग्रह नको.

ताई, तुमचे उपकार बोलून दाखवण्याइतकी माझी शाळा झालेली नाही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घाला. आणि ताई, नव्या गावी फोन लागतो की नाही, ते पोचल्या पोचल्या कळवा. बाळाचं वजन आधी तुम्हाला सांगणार, मगच मी सोमवारचा जेवणार आहे.