चिमट्यांसकट

बाई : पहिली स्त्री छायाचित्रकार म्हणे! काय रे, मी फोटो काढायचे की अंतराळात गेले होते?

संपादक : बाई, गौरवाचं पान आहे ते. मासिकाच्या पन्नाशीचं पुस्तक निघतंय, त्यात तुमचं स्वतंत्र पान.

बाई : एक पान. आणि साहेबांना किती?

संपादक : साहेब मासिकाचे मुख्य छायाचित्रकार, त्यांचा विभाग... थोडा मोठा आहे.

भाची : अर्धं पुस्तक आहे, मावशी. ह्यांनी आणलेली कच्ची प्रत आत्ताच चाळली मी. ‘साहेबांची नजर’ असं नाव दिलंय.

बाई : नजर चांगलीच होती त्यांची. स्टुडिओतला सोफा लांबूनसुद्धा दिसायचा. जेवून आले की त्यावर आडवे, ते थेट दिवेलागणीला उठायचे. आणि मी कोण? तर साहेबांची मदतनीस.

संपादक : असं कसं? हे जुनं मुखपृष्ठ बघा. बस पकडायला धावणारी मुलगी, उडणारा कोट. त्याआधी मासिकात बायका फुलदाणीशेजारी पुतळ्यासारख्या उभ्या असायच्या. हे साहेबांनी बदललं!

बाई : साहेबांना बस कुठे थांबते ते तरी माहीत होतं का? ती माझी रोजची बस. मी रोज अशीच धावायचे, म्हणून त्या पोरीला धावायला लावलं. ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या त्यासुद्धा मीच.

संपादक : म्हणजे हा फोटो तुमचा?

बाई : हाच नाही, रस्त्यावरचे सगळे माझे. ‘फॅशनचा फोटो बाईने काढलाय हे कळलं तर जाहिरातदार पळतील,’ असं साहेब म्हणाले. झालं! कष्ट माझे, नाव त्यांचं. आयत्या बिळावर नागोबा.

संपादक : माझा विश्वास आहे हो. पण साहेब आता नाहीत. त्यांचे चिरंजीव प्रकाशनाला येणार आहेत. काही पुरावा असता तर...

बाई : पुरावा फोटोतच आहे. तिच्या काखेखाली बघ. चष्मा लाव हवं तर.

संपादक : कोटाची शिवण दिसतेय.

बाई : फक्त शिवण? चिमटा कुठे गेला?

संपादक : कपडे वाळत घालायचा? अहो, तो होय! काढून टाकला. आमची ऑफिसातली मुलं वैतागली होती. जो रस्त्यावरचा फोटो उघडावा त्यात कुठे ना कुठे एक लाकडी चिमटा. कुठे कमरेशी, कुठे दुकानाच्या आरशात दिसणाऱ्या पाठीवर. साहेब मोठे, पण किती निष्काळजी, म्हणत होती. आम्ही कॉम्प्युटरवर सगळे एकदम स्वच्छ करून घेतले.

[बाई मोठ्याने हसतात. मग हसू एकदम थांबतं.]

भाची : मावशी, पाणी देऊ?

बाई : नको. ह्याला दे, ह्याच्या घशाला कोरड पडणार आहे. ऐक बाळा. कपडे यायचे ते एकाच मापाचे, आणि पोरी काडीसारख्या. म्हणून मागून सगळं चिमट्यांनी आवळायचं. पुढून राणी, मागून वाळत घातलेलं धुणं! पण मी प्रत्येक फोटोत त्यातला एक मुद्दाम दिसू द्यायचे. नाव छापत नव्हते ना? मग म्हटलं, ही माझी सही.

संपादक : आणि तेव्हाचे संपादक काही बोलायचे नाहीत?

बाई : बोलायचे की! साहेबांना. ‘पुन्हा चिमटा राहिला!’ म्हणून फैलावर घ्यायचे. फोटो आपण काढलाच नाही असं साहेब कोणत्या तोंडाने सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तेवढीच करमणूक होती मला त्या नोकरीत.

संपादक : बाई, मला खरंच कल्पना नव्हती.

बाई : त्यांनी माझं नाव छापायचं तेवढं टाळलं रे. तू ते पुसलंस. तेही गौरव करायला म्हणून.

संपादक : मुखपृष्ठाखाली तुमचं नाव घालतो. आज घालतो. बाकीचं पुढच्या आवृत्तीत बघू. आता छपाई थांबवली तर चिरंजीव...

बाई : मग माझं ते पानही काढ. एवढ्या तुकड्यासाठी मी शेपूट हलवणार नाही.

भाची : खरं सांगा, पुढची आवृत्ती कधी? मासिकाच्या शंभरीला? तेव्हा आमच्या मावशीला गौरवायला वर जावं लागेल तुम्हाला.

संपादक : ...एक फोन करतो. हॅलो? छपाई थांबवा. हो, आत्ताच. साहेबांच्या विभागातले रस्त्यावरचे मूळ फोटो काढा, साफ न केलेले. आहेत ना अजून? सगळे बाईंच्या नावाने वापरायचे. नाही, चूक नाही ती. चिमट्यांसकट. चिरंजीवांशी मी बोलतो. बोलावंच लागेल.

बाई : अरे वा! कणा आहे की ह्याला.

संपादक : आता तुमचाही एक फोटो लागेल, बाई. तुमच्या विभागाच्या सुरुवातीला.

बाई : माझा? ह्या अवतारात?

भाची : तुझा तो काळा कोट घाल. माझ्या मोबाइलवर काढते. इथे खिडकीशी बस... अगं, केवढा ढगळ झालाय हा! किती वाळलीस तू! थांब, दोरीवरचा चिमटा आणते, पाठीमागून आवळते.

बाई : पाठीमागे नको. पुढे लाव.