बाराचा भोंगा

हॅलो?… हॅलो! हाव, मीच, तानुबाई. खामगावच्या टपाल हापिसातून बोलून राह्यली… कोण? अगबाई, मनेजर साहेब! मलकापूरहून? कापसाच्या जीनमधूनच?… जोरात बोला, खरखर हाये.

नाही, उद्याची कोर्टाची तारीख कशी इसरीन? त्याच्यासाठीच तं आली. धर्मशाळेत उतरली, तिथूनच फोनसाठी बोलावून आणलं मले… हाव, एकटीच.

वकील? नाही केला. दोघाईले भेटली होती. एक तुमच्या सेठचा पाव्हणा निंघाला. दुसरा म्हणे, बाई, माफी मांग अन् मोकळी हो. मंग म्हटलं, मले काय तोंड नाही? नागपूरवरून लेबर कोर्टाचा साहेब येऊन राह्यला. त्याच्यापुढं आपलं आपण बोलता येते म्हणते कारकून.

हसा, हसा…

काय? माफीच्या कागदावर आंगठा देला की कामावर घेता? अन् कागदात काय लिवसान? 'तानुबाईनं मुद्दाम पट्टा पाडून कारखाना बंद पाडला.' हेच ना?… मंग नाही देत! तीन महिने झाले, मलकापुरातल्या एका जीनवर मले उभं करत नाहीत. काम बंद पाडणारी म्हणतात. थे नाव कपाळाले लावून तुमच्या सरकी काढाच्या रेच्यावर बसू?

अहो, ऐका ना… ऐका! कापूस टाकता टाकता रुख्मिणीचा पदर रेच्यात गेला. पदरामागं हात चालला. मी काठीनं मशीनीचा पट्टा पाडला नसता तं आज थे एका हातानं लेकरू सांभाळत असती!

हाव, म्हाईत हाये. बाईमाणसानं पट्ट्याले हात लावू नये, थे फिटरचं काम. पण उकंडराव फिटर होता कुठं?… तिथंच होता? बरं…

रुख्मिणीनं? पदर अडकलाच नाही म्हणून आंगठा देला?…

हाव. वाईट वाटलं, खोटं काऊन बोलू? पण तिले दोन लेकरं हायेत, तुमी कामावरून काढाचं भेव घातलं असन. तिच्यावर राग नाही माह्या. तुमच्यावर हाये.

तीन मिनिटं झाले म्हणते फोनवाली… वाढवा, साहेब. फोन तुमीच लावला.

मले वाचता येत नाही, खरं हाये. पण तुमचा कोर्टातला लेखी जबाब कमरेले खोसला हाये. इथल्या टपालाच्या शालिग्राम मास्तरकडून अकरा खेपा वाचून घेतला. वाचणारा इसरते, ऐकणारी नाही इसरत…

थांबा… थांबा बरं जरा. हे काय वाजून राह्यलं तुमच्याकडं?… बाराचा भोंगा? किती वक्तशीर हो! कोण वढून राह्यलं बायलरवरची दोरी? उकंडरावच?… दुसरं कोणी नाही वढत? येखांद्या दिवशीबी नाही?… बायलरपाशी दुसऱ्याले पाय ठिवू देत नाही? वा! शिस्त असावी तं अशी.

मास्तर, इकडं या. कान लावा… साहेब, पुन्हा सांगा ना, खरखरीत गेलं. भोंग्याची दोरी कोण वढते?… आइकलं, मास्तर?

आता माह्यं ऐका. तुमच्या जबाबात लिवलं हाये, 'बाराचा भोंगा वाजत असताना बाईनं पट्टा पाडला, त्या वक्ती फिटर उकंडराव तिच्या शेजारी हजर होता.' बायलर त्या टोकाले, रेचे या टोकाले, मधात कापसाच्या गंज्या. एक माणूस दोन जागी उभा राह्यला कसा?

सांगा ना, साहेब.

… जबाब बदलता? कसं बदलसान? खाली तुमची सही, वर कोर्टाचा शिक्का… दोरी दुसऱ्यानं वढली म्हणसान? आत्ताच तं मास्तरच्या कानात सांगतलं!

नाही, नाही, उद्यापासून ये म्हणू नका. येणार हावोच मी. पण कोर्टानं सांगतल्यावर, मोठ्या फाटकातून, सगळ्याईच्या देखत. अन् माह्या जुन्या जागेवर, रुख्मिणीच्या बाजूले.

वरडू नका. आता खरखर नाही, चांगलं आयकू येते…

रुख्मिणी हाये का तिथं? जेवाची सुट्टी झाली, गंजीच्या सावलीत भाकर सोडून बसली असन. तिले सांगा, तानुबाईले तुह्यी साक्ष नाही पाह्यजे म्हणा. भेऊ नोको म्हणा. दोन्ही हातानं भाकर मोड अन् पोटभर खा… एवढंच. ठिवली, साहेब.