वस्ताद सर्जेरावांचं मैदान

टाळ खाली ठेवलेत ना? मग आता कान इकडं द्या!

मंडळी, ऐका. आज एक प्रश्न विचारतो. ज्या औषधाचा आपल्याला काडीचा उपयोग होणार नाही, ते शोधणाऱ्यांसाठी माणसानं का म्हणून झिजायचं? आपलं दुखणं बरं झालं, देवाला नारळ फोडला, संपलं! पुढच्याचं पुढचा बघेल! काय हो काका, असंच ना? बघा, मान डोलली. प्रामाणिक माणूस आहे!

तर वारणेच्या काठी बोरगेवाडी नावाचं गाव. तिथं सर्जेराव डोईफोडे नावाचे वस्ताद. म्हणजे तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारा माणूस. केवढा? आपल्या देवळाच्या दारातून आडवं होऊन आत यावं लागेल — एवढा! मिशी अशी, की समोरचा पैलवान हात मिळवायच्या आधी मिशीलाच नमस्कार करायचा. घरी बायको हौसाबाई, आणि एकुलती एक लेक, राजनंदिनी. नाव एवढं मोठं, पण बाप म्हणायचा काय? — नंदी!

नंदी तिसरीत. रोज शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि थेट तालमीच्या मातीत.

"आबा, या!"

बाप लंगोट कसून खाली उतरायचा. ही पोर त्या डोंगराला मिठी मारायची, ढकलायची, लोंबकळायची. शेवटी वस्ताद तिला अलगद उचलून मातीवर पाठ टेकवायचे. "झाली चितपट! जा, दूध पी." मुद्दाम हरले नाहीत कधी. म्हणायचे, "खोटं पडलो तर पोरगी खोटंच शिकंल."

एका दिवाळीनंतर वस्तादांच्या मानेला गाठ आली. अंगात कणकण, कपडे ढगळ व्हायला लागले. कोल्हापूरला नेलं, तपासण्या झाल्या. कॅन्सर! बाहेर आल्यावर नवराबायकोचं ठरलं — पोरीला कळू द्यायचं नाही. "थंडीताप हाय" म्हणायचं.

आणि त्याच आठवड्यात नंदी म्हणाली, "आबा, या!"

उतरले. पोरीनं रोजच्यासारखी कमरेला मिठी मारली, पाय घातला — आणि मंडळी, तो डोंगर कोसळला! धप्पकन पाठीवर! तालमीतली पोरं ओरडली, "वस्तादांना पाडलं रं!" पण पाडणारी हसली का? नाही! ती बापाच्या छातीवर बसून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"आबा, तुम्ही मुद्दाम पडलात?"

'हो' म्हटलं असतं तर सुटले असते! पण ज्या मातीत कधी खोटं बोलले नाहीत, तीच माती पाठीला लागली होती.

"न्हाई नंदे. खरंच पडलो."

"का?"

"मला मोठा आजार झालाय, बाळा. कॅन्सर म्हनत्यात त्याला."

"मरणार तुम्ही?"

अहो, हा प्रश्न आपण मोठी माणसं विचारतो का? आपण विचारतो, "जेवण जातं का?" पोरं विचारतात!

"ठावं न्हाई," वस्ताद म्हणाले. "पर लढणार हाय. आन् जे हुईल ते तुला सांगणार. पहिलं तुला."

पोरगी रडली. बाप रडला. दारात हौसाबाई पदर तोंडाला लावून उभी होती, तीही येऊन मातीत बसली. चांगली साडी होती हो! पण बसली.

मग सुरू झाले उपचार. आणि गंमत ऐका — भल्याभल्यांना उचलून आपटणारा हा माणूस, सुईला घाबरायचा! सलाईनची नर्स दिसली की डोळे गच्च मिटायचा. केस गेले. भुवया गेल्या. आणि एक दिवस — मिशी! आरशासमोर तोंडावर पंचा घेऊन बसले. नंदीनं पंचा ओढला, बापाला नीट निरखलं आणि म्हणाली, "आबा, आता तुम्ही माझ्यासारखं दिसताय!" दोन गुळगुळीत तोंडं आरशात! त्या घरात कित्येक दिवसांनी हसू फुटलं.

उपचार लागू पडले. गाठी विरल्या. डॉक्टर तांबोळी मॅडमनी सांगितलं, "सध्या आजार दिसत नाही. पण परत येणारच नाही, असं वचन देता येत नाही. तपासायला येत राहा."

वस्ताद हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही देव."

त्या बाई म्हणाल्या, "अहो, मी शिकत होते तेव्हा हे औषध नव्हतं. तुमच्यासारखे तरणेताठे डोळ्यांदेखत गेले. मग कुणी संशोधनाला पैसे दिले, कुणी आजारी माणसांनी नवं औषध आपल्यावर करून बघू दिलं. त्यातले काही वाचले नाहीत. पण औषध कसं द्यायचं, किती द्यायचं, ते त्यांच्यामुळं कळलं."

"कोण हुती ती मान्सं?"

"नावं मलाही ठाऊक नाहीत."

मंडळी, गाडीत बसल्यापासून वस्तादांच्या डोक्यात एकच घोळत होतं. कुस्तीच्या मैदानात पाच रुपये देणाऱ्याचंही नाव माइकवर पुकारतात. आणि ज्यांनी जीव दिला, त्यांचं नावच नाही?

गावात शिरताच बोलले, "हौसा, आपन मैदान भरवायचं. इनाम पैलवानाला न्हाई. समदं त्या शोधाच्या कामाला."

पंचांची बैठक झाली. सदूआण्णा उठले. गावातले वडीलधारे, जीभ तिखट!

"सर्जा, आपल्या गावचा पैसा शहरातल्या काचेच्या नळ्यांत वतायचा? ते नवं औषध तुला मिळणार हाय?"

"न्हाई आण्णा. म्याडम म्हनल्या, लई वर्सं लागतील."

"गावात कुनाला?"

"त्ये बी सांगता येत न्हाई."

"मग कशापायी?"

"ज्यांनी माझ्यासाठी केलं, त्यांनी तरी माझं तोंड कुठं बगितलं हुतं?"

आण्णा काठी टेकत निघून गेले. मैदानाला येणार नाही म्हणाले.

मैदान भरलं! हलगी कडाडली. आसपासचे पैलवान नुसत्या नारळावर लढायला आले. पण देणगीच्या पेटीत? चिल्लर! लोक कुस्ती बघतायत, टाळ्या वाजवतायत, पेटी जवळ आली की आभाळ बघतायत. हसताय काय? इथं ताट फिरतं तेव्हा मी बघतो ना!

तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत कोण आलं? सदूआण्णा! पेटीत नोटा टाकल्या आणि माइकवाल्याच्या कानाशी वाकले. माइकवाल्यानं हलगी थांबवली.

"आण्णा, तुमचं नाव पुकारू?"

"माझं नगं. सरूबाईचं पुकार."

सरूबाई म्हणजे आण्णांची बायको. तरुणपणी गेली. छातीला गाठ होती. त्या काळी लोकांना वाटे हा रोग शिवल्यानं लागतो. तिला मागच्या खोलीत ठेवलं, ताट दारातून सरकवलं. गेल्यावरही तिचं नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

माइक गरजला, "सरूबाई सदाशिव बोरगे यांच्या नावानं ही पुढची कुस्ती!"

आण्णा मटकन खाली बसले. वस्ताद धावले, जवळ बसले. म्हातारा त्यांचा हात धरून म्हणाला, "लई गोड गायची रं, जात्यावर."

आणि मग बांध फुटला! कुणी आईचं नाव सांगितलं, कुणी भावाचं. एका बाईनं लेकाचं. ज्यांची नावं दबक्या आवाजात घ्यायची, ती त्या दिवशी वारणेच्या पलीकडं ऐकू गेली! पेटी भरली की नाही, विचारताच कशाला?

आज वस्ताद आहेत. पहिल्यासारखी ताकद नाही. तपासणीचा दिवस जवळ आला की ताट अर्धं टाकून उठतात. तेव्हा नंदी विचारते, "आबा, भ्या वाटतंय?" ते सांगतात, "वाटतंय." मग दोघं मिळून जातात. मैदान दरसाल भरतं.

आता तुमच्याकडं येतो! तुम्हाला लहानपणी जी लस टोचली, ती शोधणाऱ्याचं नाव सांगा. नाही येत? बरं, आपल्या घरातून जे माणूस या आजारानं गेलं, त्याचं नाव शेवटचं कधी घेतलंत मोठ्यानं? आजार लाजेचा नसतो हो! झाकलं की माणूस दोनदा जातं.

आत्ता जयजयकार करायचाय, ठाऊक आहे. मृदंगवाले बुवा, जरा थांबा. मंडळी, आधी आपल्या त्या गेलेल्यांची नावं घ्या. मोठ्यानं घ्या! देवाचं नाव नंतर घेऊ — तो थांबेल. त्याला कुठं घाई आहे?